कुठे विचारू नये

त्या सकाळी आईने पोह्यांत मीठ दोनदा घातलं आणि कबूल केलं नाही. तुझी जीभ बिघडली असेल, म्हणाली. मला दवाखान्यात जायची घाई होती आणि तिला माझ्याहून जास्त. करडी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पायात मी आणून दिलेल्या न घसरणाऱ्या चपला. दारात पोचल्यावर ती रोजच्यासारखं म्हणाली, "येते गं."

"कुठे?" मी विचारलं.

"झालं. आता बसणं आलं."

आणि ती खरोखरच दाराजवळच्या स्टुलावर बसली.

आईचं माहेर जावळीच्या खोऱ्यातलं. तिकडे घराबाहेर पडणाऱ्याला 'कुठे' असं विचारत नाहीत. विचारलं तर निघालेलं काम अडतं असं मानतात. मग माणूस परत फिरतो, घोटभर पाणी पितो, क्षणभर टेकतो आणि नव्याने निघतो. अगदीच जाणून घ्यायचं असेल तर 'लांब का?' एवढं विचारावं. एरवी 'ये जाऊन' म्हणावं आणि दार लोटून घ्यावं. आई चित्रकलेची शिक्षिका होती, देवधर्म बेताचाच, पण ही एक गोष्ट तिने सोडली नव्हती. मी रोज सवयीने विचारायची आणि ती रोज बसायची. आमच्या घरात तो विनोद झाला होता. निदान मी तसं धरून चालले होते.

पाणी पिऊन ती उठली. "लांब नाही," म्हणाली आणि गेली.

ओट्यापाशी उभी राहून मी तिला उतारावरून जाताना पाहिलं. ती कोपऱ्यावर दिसेनाशी झाली आणि माझा फोन तिच्या नावाने थरथरला. प्रमिला जगदाळे, मंगळवार तळे. तिने न दिलेलं उत्तर मला असं मिळत असे. पण लगेच दुसरी सूचना आली: प्रमिला जगदाळे, पोवई नाका. मग राजवाडा. मग बोगदा. सगळं एकाच मिनिटात. मी फोन उपडा ठेवला आणि डबा भरला. संक्रांतीपासून हेही रोजचंच झालं होतं.

साताऱ्यात 'सोबत' ही यंत्रणा आली ती लोकांच्या मागणीवरून, हे आता कोणी सांगत नाही. चेहरा ओळखणारे कॅमेरे आधीपासून होतेच, पण चेहरा झाकता येतो. धुळीसाठी बांधलेला स्कार्फ, हेल्मेट, छत्री, नुसता पदरही पुरतो. चाल झाकता येत नाही. माणूस चालतो तेव्हा खुबा, गुडघा आणि घोटा आपापल्या लयीत वाकतात. कोणाचं पाऊल बाहेर वळतं, कोणाचा एक हात कमी हलतो, कोणी टाच रेटून टेकवतं. या सगळ्याचा आलेख काढला तर तो दोन माणसांचा सहसा सारखा येत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंट दारापासून खुर्चीपर्यंत येईस्तोवर माझं अर्धं निदान झालेलं असतं. यंत्र तेच करतं, खांबावर बसून, न थकता. त्याला दहाबारा पावलं पुरतात.

घरातल्या एकाने दुसऱ्याची नोंद करायची, की तो चौकाचौकांतून जाईल तशी सूचना येत राहते. तो पडला तर रुग्णवाहिका निघते. आई अंगणाच्या पायरीवरून पडली, खुबा मोडला, मी तिला महिनोन् महिने पुन्हा चालायला शिकवलं आणि मग तिची नोंद केली. नोंदीच्या वेळी तिला कॅमेऱ्यासमोरून येरझाऱ्या घालायला लावल्या. मागूनही घेणार का, तिने तिथल्या बाईंना विचारलं, मागून मी बरी दिसते. त्यापलीकडे काही बोलली नाही.

बोलली नाही, पण चित्रं बदलली. तोवर ती अजिंक्यताऱ्याची, कासच्या फुलांची जलरंगातली चित्रं काढायची. लग्नात भेट द्यायला लोक घ्यायचे. आता तिने गावातल्या कॅमेऱ्यांच्या खांबांची चित्रं सुरू केली, एकेका खांबाचं स्वतंत्र, घरटी आणि पतंगाच्या दोऱ्यांसकट, जुन्या घराण्यातल्या पुरुषांची काढतात तशी. मग पहाटे उठून चौकांत रांगोळ्या. रस्त्यावरून पाहिलं तर नुसती ताणलेली, ओघळलेली नक्षी. खांबावरच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर नीट, गोल, वर बघणारा डोळा. 'सोबत'च्या केंद्रातले लोक वैतागले, पण रांगोळीला दंड करायचा कसा हे कोणाला सुचलं नाही.

आणि या संक्रांतीला तिने गल्लीतल्या बायकांना वाण लुटायला बोलावलं. बाबा गेल्यापासून ती हळदीकुंकू करत नव्हती. यंदा नुसतं वाण, आणि यायला कोणालाच मज्जाव नाही. मी कामावरून आले तेव्हा अंगणात खडूची लांब रेघ होती आणि आई त्या रेघेवरून चालून दाखवत होती. यंदाचं वाण म्हणजे माझी चाल, तिने सांगितलं होतं, लुटा. एकीने विचारलं, काकू, ही ठेवायची कुठल्या डब्यात. बायका हसून बेजार झाल्या. पण शिकल्या. डावा गुडघा पुरता सरळ करायचा नाही, उजव्या हाताने पदर धरायचा, वजन जरा डावीकडे टाकायचं आणि लगेच उचलायचं. तिळगूळ खाऊन झाल्यावर सगळ्या ओळीने रेघेवरून गेल्या. मी फाटकात उभी होते आणि अंगणभर माझी आई चालत होती.

हे यंत्राला फसवेल असं मला वाटलं नव्हतं. पण म्हातारी माणसं रोज सारखी चालत नाहीत. थंडीत सांधे आखडतात, रात्री झोप झाली नाही तर पाय ओढतो. म्हणून साठीच्या पुढच्यांसाठी यंत्राला बरीच सूट ठेवायला लागते. त्या सैल जागेत गल्लीतल्या सगळ्या जणी मावल्या. पुण्यातल्या एका कलादालनाने तर भिंतभर नकाशा लावला, माझ्या फोनवर येणाऱ्या सूचनांवरून, त्यावर आईचे एका वेळी अनेक ठिपके. खाली नाव: कुठे विचारू नये. वर्तमानपत्रात वाद झाला की ही कला आहे की खोडी. आईला विचारलं तर म्हणाली, दोन्ही. नाहीतर करायचं कशाला.

त्या खारट पोह्यांच्या दिवशी दुपारी ती चार भिंती म्हणतात त्या टेकडीच्या चढावर पडली.

यंत्राने ते टिपलं. पण पडल्याची नोंद झाल्यावर ते आधी खात्री करून घेतं. माणूस चप्पल बसवायला खाली वाकला तरी रुग्णवाहिका सुटू नये म्हणून. तोच माणूस पुढच्या मिनिटात कुठे चालताना दिसला तर पडणं रद्द. आई त्या मिनिटात राजवाड्यापाशी चालत होती, नाक्यावर चालत होती, बोगद्यापाशीही. पडणं रद्द झालं. बऱ्याच वेळाने स्कूटरवरून जाणाऱ्या एका गृहस्थांनी तिला पाहिलं.

मी पोचले तेव्हा ती होती, पण बोलत नव्हती. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी... मी तिचा हात धरून बसले होते आणि माझ्या मांडीवर फोन थरथरत होता. प्रमिला जगदाळे, राजवाडा. संध्याकाळी ती गेली. त्यानंतरही दोनदा थरथरला.

चार भिंतींकडे आमचं कोणी राहत नाही. तिथे दुकान नाही, दवाखाना नाही. तिच्या खुब्याने तो चढ चढणं म्हणजे वेड होतं. लांब नाही, म्हणाली होती.

दिवस झाले, पाहुणे गेले. सूचना थांबल्या नाहीत. आधीपेक्षा कमी, पण रोज. मी बंद करू शकले असते. केल्या नाहीत. पेशंटच्या गुडघ्यावर हात असायचा आणि खिशात फोन थरथरायचा: प्रमिला जगदाळे, पोवई नाका. व्यायाम मोजता मोजता मी मधूनच आकडे विसरायची. घरी बसवत नव्हतं, बाहेर पडलं की कुठे जायचं ते कळत नव्हतं, म्हणून मी सूचनेच्या मागे जायला लागले. ज्या चौकाचं नाव यायचं तिथे पोचेस्तोवर कोणी नसायचं. भाजीवाल्यांना विचारावं तर काय विचारणार. पुस्तक उघडलं तर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची. चहा करायची आणि ओतून द्यायची.

एका दुपारी नाक्यावर ती पाठ सापडली. डावा गुडघा जरा वाकलेला, उजव्या हातात पदर. मी धावत जाऊन खांदा धरला.

ती मागच्या गल्लीतली पूनम लोखंडे होती. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान.

आम्ही रसवंतीच्या बाकावर बसलो. ती ग्लासाला हात लावत नव्हती. मग एकेक सांगितलं. नवऱ्याने तिची 'सोबत'मध्ये नोंद केली होती. संमती लागते ना, मी म्हटलं. तर म्हणाली, कॅमेऱ्यापुढनं चाल म्हणाला, चालले, झाली संमती. ती गल्लीच्या बाहेर पडली की त्याला कळायचं. एकदा तो कामावरून सुटून फोन हातात घेऊन थेट वळणावर येऊन उभा होता. पुढचं सांगायच्याऐवजी तिने नुसती बाही मनगटापर्यंत ओढून घेतली. संक्रांतीपासून मात्र त्याचा फोन गप्प होता. त्याच्या लेखी बायको घराबाहेर पडतच नव्हती.

"मी काकूंच्या पायांनी फिरते," ती म्हणाली. "कुठं जाते ते काकूंना सांगायला गेले होते. त्या म्हणाल्या, मलाबी सांगू नको."

माझा आवाज चढला असावा, कारण रसवाल्याने वळून पाहिलं. मी तिला सांगितलं की तुम्ही सगळ्या त्या वेळी चालत होतात म्हणून यंत्राने माझ्या आईला पडलेलं धरलं नाही.

"ठाऊक आहे, ताई. मी राजवाड्यापाशी होते."

बाकी बायकांनी चाल सोडून दिली होती. ती एकटीच उरली होती. तुम्ही म्हणालात तर मीही सोडते, म्हणाली. सोड असं म्हणायला माझं तोंड उघडत नव्हतं, नको सोडू असंही नाही. ग्लासातलं बर्फ वितळून गेलं. मी रसाचे पैसे दिले आणि उठले.

त्याच आठवड्यात केंद्रातून बोलावणं आलं. तिथल्या प्रमुख, आफळे मॅडम, माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी आधी आईच्या रांगोळीचं कौतुक केलं, आणि ते खोटं वाटलं नाही. कॅमेऱ्यातून दिसलेल्या डोळ्याचा फोटो त्यांच्या टेबलावरच्या पडद्यावर अजून होता. त्यांचे वडील फलटणला एकटे राहतात. मागच्या पावसाळ्यात विसरभोळे झालेले एक आजोबा कासच्या रस्त्याला लागले होते, ते 'सोबत'मुळे सापडले, हे त्यांनी सांगितलं. मी ते ऐकून होते. माझ्याच एका पेशंटचे ते वडील.

मग त्या कामाचं बोलल्या. तुमच्या आईंच्या बाबतीत जे झालं ते पुन्हा कोणाच्या बाबतीत होऊ नये. त्यासाठी यंत्राला खरी चाल आणि उसनी चाल यांतला फरक शिकवायला हवा. पण खरं कोणतं हे यंत्राला माणसानेच सांगावं लागतं, आणि ते सांगू शकेल असा माणूस एकच. त्यांनी पडद्यावर संक्रांतीनंतरची चित्रणं लावली, दोनदोन, शेजारी शेजारी. तळ्याच्या पायऱ्यांपाशी दोन करड्या साड्या. तुम्ही फक्त 'ही' किंवा 'ही नाही' एवढंच म्हणा.

मला पहिल्या जोडीतच कळलं.

पडल्यापासून आई उतरती पायरी आली की थबकायची. पाऊल टाकायच्या आधी चपलेच्या टोकाने पायरीची कड चाचपायची, दार वाजवावं तशी, आणि मग उतरायची. मी किती समजावलं, टाच आधी टाक, तोल जाईल. ती भीती माझ्या हाताखाली गेली नाही. यंत्र फक्त सपाट रस्त्यावरची पावलं मोजतं, म्हणून त्याला ती ठाऊक नव्हती. बायका चाल शिकल्या होत्या, भीती शिकल्या नव्हत्या. डावीकडची बाई सरळ उतरून गेली. उजवीकडची थबकली, चपलेचं टोक पुढे गेलं. ती माझी आई होती. ऊन होतं. पिशवीतून कोथिंबीर बाहेर आली होती.

आफळे मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी ते सांगितलं, आणि मला वाटतं त्यांनी ते चांगल्या मनानेच सांगितलं. एकदा फरक कळला की आईंच्या मागच्या सगळ्या महिन्यांचा माग वेगळा काढता येईल. रोजचा, घरापासून घरापर्यंत. त्या दिवशीचाही.

"त्या कुठे जात होत्या ते तुम्हाला कळेल."

यासाठी मी किती दिवस झोपले नव्हते. चार भिंतींचा चढ मी स्वतः तीनदा चढून आले होते. वर काय आहे ते बघायला, कोण तिला ओळखतं ते विचारायला. वर वारा होता आणि खाली गाव दिसत होतं, बाकी काही नाही. आता दोन शब्द बोलले की झालं असतं. ही. ही नाही. आणि यंत्राला फरक कळला की गल्लीतल्या एका फोनला जाग आली असती, वळणावर कोणीतरी येऊन उभं राहिलं असतं.

मी पाणी मागितलं. त्यांनी ग्लास पुढे केला. मी घोटभर प्यायले, खुर्चीत मागे टेकून क्षणभर बसले. मग म्हटलं, "मला ओळखता येत नाही."

त्यांनी पुढची जोडी लावली, तिच्या पुढची. प्रत्येकात आई होती. प्रत्येक वेळी मी तेच म्हटलं. ते म्हणणं सोपं होत गेलं नाही.

"तुम्ही तर चालीतच काम करता," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो."

त्यांनी पडदा बंद केला. वारसाला ओळख पटवता आली नाही तर त्या चालीवरचं नाव काढून ती बेनामी ठरवतात, हे त्यांनी समजावून सांगितलं. ज्या चालीला नाव नाही तिच्याकडे यंत्र लक्ष देत नाही. तुम्हालाही यापुढे सूचना येणार नाहीत. आणि ही फट आज ना उद्या बुजवली जाईल. तेवढं मला करावंच लागेल, म्हणाल्या. पडलेल्या माणसासाठी. मी मान हलवली. त्यांचं चुकत नव्हतं.

बाहेर पडताना त्या दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, मी वडिलांना बऱ्याच दिवसांत फोन केलेला नाही. ते दुधाला गेले, देवळात गेले, सगळं कळत असतं. मग आत वळल्या.

मी त्याच दिवशी पूनमला निरोप दिला: थोडे दिवस आहेत, फार नाहीत.

फोन गप्प झाला. मी तो उगाच उशाशी घेऊन झोपायची, दर थोड्या वेळाने उलटा करून बघायची. पेशंटचा पाय हातात असताना मांडीवर थरथर झाल्याचा भास व्हायचा. काही नसायचं.

मग एका सकाळी पूनम दारात आली. करडी साडी, खांद्याला आईच्या पिशवीहून मोठी पिशवी, चांगली फुगलेली. आत आली नाही. देवाच्या कोनाड्याकडे नाही, भिंतीवर लावलेल्या खांबांच्या चित्रांकडे तिने एकदा बघून घेतलं. चहा घे म्हटलं तर नको म्हणाली, गाडीची वेळ आहे.

"येते, ताई."

तो शब्द माझ्या तोंडात आला. मी दाराजवळच्या स्टुलाकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले.

ती वळली आणि आमच्याच अंगणातून आईसारखी चालायला लागली. डावा गुडघा जरा वाकलेला, वजन डावीकडे, लगेच उचललेलं. अंगणाच्या कडेला ती पायरी आहे, जिच्यावरून आई पडली होती. पूनम तिथे थबकली. तिच्या चपलेचं टोक पुढे गेलं, कड चाचपली, आणि मग ती उतरली.

हे आईने कोणालाही शिकवलं नव्हतं. हे हिने बघून घेतलं होतं.

फाटक वाजलं. उतारावरून ती करडी पाठ लहान होत चालली. माझ्या हातातला फोन थंड होता. कोपरा यायच्या आत मी अंगणात आले, पायरीपर्यंत आले, आणि आईला जे एकदाही म्हटलं नव्हतं ते गल्लीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं.

"ये जाऊन."